मामंजींची बोट आणि माझी ब्युरेट

मी कॉलेजातून घरी आले तेव्हा आमच्या कंपाउंडची अर्धी भिंत खाली पडलेली होती आणि रस्त्यावर, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर, एक बोट उभी होती. माझे सासरे पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाडलेल्या विटा एका बाजूला रचत होते. फाटक पाच फूट रुंद आणि बोट सात फूट, म्हणून भिंत गेली होती. शेजारचे लोक आपापल्या गच्चीवरून बघत होते. सासूबाई व्हरांड्याच्या पायरीवर हनुवटीला हात लावून बसल्या होत्या.

"आई, हे काय?" मी विचारलं.

"मला काय विचारायलीस? त्यांनाच विचार. मी सकाळपासून विचारायलेय."

मामंजींनी मान वर न करता सांगितलं, "बोट हाय."

नव्वदीच्या दशकाची ती पहिली काही वर्षं होती. माझं लग्न होऊन दीड वर्ष झालं होतं, आणि त्यातले शेवटचे सहा महिने नवरा अमेरिकेत होता. त्याच्या कंपनीनं त्याला तिकडच्या एका कंपनीच्या कॉम्प्युटरवर काम करायला पाठवलं होतं. वर्षभराचं काम होतं, ते पुढे वाढलं. तेव्हा हैदराबादेत बऱ्याच घरांतली मुलं अशी जायला लागली होती. मला नारायणगुड्याच्या एका ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवायची नोकरी नुकतीच मिळाली होती आणि ती सोडायची नव्हती. त्यामुळे मी पुण्याची मुलगी विद्यानगरच्या घरात सासू-सासऱ्यांसोबत राहत होते.

मामंजी जुन्या निजाम राज्यातल्या एका शेतकरी घरातले. पंधराव्या वर्षी हैदराबादला आले, बसच्या सरकारी वर्कशॉपमध्ये हेल्पर म्हणून लागले आणि फोरमन होऊन रिटायर झाले. शिक्षण सगळं उर्दूतून. मराठी बोलायचे, पण वाचताना अक्षरावर बोट ठेवून वाचायचे. त्यांचं नि माझं कधी वाजलं नाही. वाजायला बोलावं तरी लागतं. "पेपर आला का?" "आला." "चहा ठेवू का?" "ठेवा." मला ते 'तुम्ही' म्हणायचे आणि खोलीत आले की मी उठून उभी राहायचे. दोघांनाही ते अवघड व्हायचं.

बोट त्यांना बेगमपेटच्या एका बंगल्यातून मिळाली होती. त्या घरच्या जुन्या अमेरिकन गाड्या मामंजी वर्षानुवर्षं रविवारी जाऊन दुरुस्त करायचे. आता बंगला पाडून तिथे फ्लॅट होणार होते. मालक म्हातारे होते. ते म्हणाले, "फोरमनसाब, ले जाओ, नहीं तो बिल्डरवाले तोड़ के फेंक देते." त्यांच्या कुणा भावानं ती फार पूर्वी परदेशातून आणली होती. दोन हिवाळे तलावात पळवली आणि गॅरेजमध्ये टाकून दिली. वीस वर्षं ती तिथेच होती.

रात्री जेवताना सासूबाई म्हणाल्या, "तुम्हाला पोहता येतं का?"

"न्हाई."

"मग?"

"पोहायचं असतं तर बोट कशाला आणली असती?" मामंजी म्हणाले आणि ताक मागितलं.

ती साधी बोट नव्हती, जेट बोट होती. बाहेर पाण्यात फिरणारा पंखा तिला नव्हता. दुसऱ्या दिवशी नळाला पाणी आलं तेव्हा मामंजींनी मला आणि सासूबाईंना अंगणात बोलावलं. बागेचा रबरी पाइप सैल धरला आणि नळ पूर्ण सोडला. पाइपचं तोंड सापासारखं मागे उसळलं. "बगा. पाणी पुढं जातं, पाइप मागं जातो. ही बोट पोटाखालून पाणी ओढती आणि मागून अशी फेकती. म्हणून पुढं जाती." हे सांगताना त्यांचा चेहरा मी पहिल्यांदा नीट बघितला. माझे विद्यार्थी प्रयोग जमला की असे दिसतात.

इंजिन गंजून गच्च बसलं होतं. आठ सिलिंडरचं अमेरिकन इंजिन, चार एका बाजूला, चार दुसऱ्या बाजूला, इंग्रजी व्ही अक्षरासारखे. एका बाजूच्या एक्झॉस्टमध्ये उंदरांनी घर केलं होतं. ते नुसतं चालू करण्यावर मामंजींचं समाधान होणार नव्हतं. त्यांना ते मूळ होतं त्यापेक्षा जोरदार करायचं होतं. मी कारण विचारलं तेव्हा ते पाना पुसायला लागले. मग म्हणाले, "तीस वर्षं मी बसला स्पीड लॉक लावले. ड्रायव्हर पळवतील, डिझेल जाईल, म्हणून. हजारो इंजिनं माझ्या हातानं हळू केली. एक तरी जोरात पळणारं करावं म्हणतो."



आधी बोटीच्या अंगाचं काम निघालं. ती फायबरग्लासची होती. फायबर ठीक होतं, पण तळाच्या फळीखालचे लाकडी आधार सडून भुसा झाले होते. मामंजींनी सागाच्या पट्ट्या आणल्या. त्या बसवायला रेझिन लागायचं. ते एका डब्यात असतं, त्यात दुसऱ्या बाटलीतलं हार्डनर घालून ढवळायचं आणि ते सुकायच्या आत लावायचं. मी व्हरांड्यात पेपर तपासत बसले होते. मामंजींनी अंदाजानं हार्डनर ओतलं, खोल डब्यात ढवळलं आणि ब्रश शोधायला गेले. परत येईपर्यंत डब्यातून धूर निघायला लागला होता आणि आतलं रेझिन दगड झालं होतं. दुसऱ्यांदा तेच झालं. तिसऱ्या वेळी मला राहवेना.

"मामंजी, हार्डनर जास्त होतंय. आणि खोल डब्यात ठेवू नका. त्यात उष्णता तयार होते, तिला बाहेर पडायला जागा मिळत नाही, म्हणून ते आणखी लवकर घट्ट होतं. पसरट भांड्यात करा."

ते माझ्याकडे बघत राहिले. "किती घालायचं मग?"

मी आत जाऊन माझ्या बॅगेतून मोजपात्र आणलं आणि शंभराला दीड असं मोजून दिलं. पसरट भांडं म्हणून मामंजींनी स्वयंपाकघरातली परात आणली. रेझिन अर्धा तास पातळ राहिलं आणि पट्टी पहिल्या झटक्यात बसली. परात मात्र पुन्हा स्वयंपाकघरात गेली नाही. सासूबाईंनी त्यावरून आठ दिवस अबोला धरला, तोही माझ्याशी.

नवऱ्याला फोनवर बोटीबद्दल सांगितलं तेव्हा आधी त्याचा विश्वासच बसला नाही. मग त्यानं तिकडून एक जाडजूड पुस्तक पाठवलं. अशीच इंजिनं जोरदार कशी करायची त्याचं. सगळं इंग्रजी. मामंजींना यंत्राचे शब्द इंग्रजीतून येत होते, पण वाक्य वाचायला लागले की अडखळायचे. तेव्हापासून आमचा नेम झाला. संध्याकाळी चहा झाला की मी व्हरांड्यात पुस्तक उघडायचे, एक परिच्छेद वाचायचे, मराठीत सांगायचे. मामंजी शाळकरी वहीत उजवीकडून डावीकडे उर्दूत उतरवून घ्यायचे. मधेच हात वर करायचे. "थांबा. हे परत सांगा." कधी कधी पुस्तकातलं वाक्य मला कळायचं पण त्यातला भाग कुठला ते कळायचं नाही. मग ते मला उठवून इंजिनाजवळ न्यायचे आणि तो भाग हातात द्यायचे. महिन्याभरात माझ्या साड्यांच्या काठांना ग्रीस लागलं होतं आणि मला टॅपेट आणि पुशरॉड यांतला फरक डोळे मिटून सांगता येत होता.

एका संध्याकाळी असं वाचलं की आठही सिलिंडरच्या वरच्या पोकळ्या, जिथे पेट्रोल पेटतं त्या, आकारमानानं अगदी सारख्या हव्यात. एखादी लहान-मोठी असली तर इंजिनाच्या आठ भागांचा जोर सारखा लागत नाही.

"हे कसं मोजणार?" मामंजी म्हणाले. "वाकडीतिकडी पोकळी. पट्टी लागत न्हाई, मायक्रोमीटर लागत न्हाई."

मी पुढची ओळ वाचली आणि हसायलाच लागले. पुस्तकात लिहिलं होतं, ब्युरेट वापरा.

ब्युरेट म्हणजे काचेची लांब, उभी नळी. खाली तोटी, अंगावर बारीक रेघा. माझ्या वर्गातली सव्वीस मुलं रोज तीच हातात घेऊन थेंब थेंब मोजायची. दुसऱ्या दिवशी आमच्या विभागप्रमुख बाईंना विचारून मी एक ब्युरेट आणि स्टँड शनिवार-रविवारसाठी घरी आणली. बाईंनी कारण विचारलं. मी खरं ते सांगितलं. त्यांनी रजिस्टरमध्ये लिहिलं, 'घरगुती प्रयोग'.

मामंजींनी इंजिनाचं एकेक हेड, म्हणजे चार सिलिंडरवरचं झाकण, उलटं करून टेबलावर समतल ठेवलं. पोकळीच्या कडेला ग्रीस लावून त्यावर भोक पाडलेली प्लास्टिकची पारदर्शक पाटी दाबून बसवली. पाणी घालायचं नव्हतं, गंज चढतो. सासूबाईंच्या स्टोव्हचं रेशनचं निळं रॉकेल होतं, रंग आपोआपच मिळाला. मी ब्युरेट भरली, तोटी सोडली आणि भोकातून रॉकेल आत जाऊ दिलं. मामंजी पाटीवर वाकून बुडबुडा कुठे अडकलाय ते बघत होते.

"थांबा! भरलं."

मी खाली वाकून रेघ वाचली. मामंजींनीही वाचली, पण त्यांची माझ्यापेक्षा अर्ध्या मिलिलिटरनं वेगळी आली. मी त्यांना सांगितलं की रॉकेलचा पृष्ठभाग नळीत वाटीसारखा खोल होतो. डोळे त्याच्या समोर आणून वाटीचा तळ कुठल्या रेघेवर आहे ते बघायचं, कडा बघायच्या नाहीत. ते गुडघ्यावर बसले, चष्मा वर-खाली केला आणि म्हणाले, "हां. दिसला तळ."

आठपैकी सहा पोकळ्या जवळपास सारख्या निघाल्या. दोन लहान होत्या. मामंजींनी बारीक दगडानं त्या घासल्या, मी मोजल्या, त्यांनी परत घासल्या. रविवारी संध्याकाळी आठही आकडे एकमेकांच्या इतके जवळ आले की मी म्हटलं, "आता पुरे, मामंजी. इतकं जुळलं की माझ्या मुलांनासुद्धा मी पूर्ण मार्क देते."

त्यांनी वहीत आठ आकडे लिहिले. "चहा कर तू," ते म्हणाले. "आणि बस हितंच, आत जाऊ नको."

'तुम्ही' तिथे संपलं. माझ्या लक्षात ते चहा गाळताना आलं.

पिस्टन अमेरिकेतून आले. नवऱ्याच्या ऑफिसमधला एकजण सुट्टीवर येत होता, त्यानं आठ पिस्टन आणि रिंगांचे दोन संच स्वेटरमध्ये गुंडाळून आणले. दोन-चार वर्षांपूर्वी असं काही आणायचं म्हणजे किती दारं ठोठावावी लागली असती, असं मामंजी पुनःपुन्हा म्हणत होते. कस्टमच्या अधिकाऱ्यानं पिस्टन हातात घेऊन विचारलं म्हणे, ही फुलदाणी आहे का.

आता पिस्टन वजनाला सारखे करायचे होते. आमच्या प्रयोगशाळेतला तराजू दोनशे ग्रॅमच्या पुढे जात नव्हता आणि एकेक पिस्टन अर्ध्या किलोच्या वर होता. किराणा दुकानाचा काटा ग्रॅमाला भीक घालत नाही. आम्ही दोघं व्हरांड्यात त्यावर डोकं खाजवत बसलो होतो. आतून सासूबाई म्हणाल्या, "चांदीवाल्याकडं जा की."

आम्ही दोघांनीही वळून बघितलं.

"जामबागेतला आपला चांदीवाला. त्यानं नवीन मशीन आणलंय. लाल आकडे येतात त्यात. माझे पैंजण मोजले तेव्हा बघितलं मी." मग जरा थांबून म्हणाल्या, "मी येते. तुमच्या एकट्याचं तो ऐकायचा न्हाई."

सासूबाई इरकल नेसून, पिस्टनची पिशवी मांडीवर घेऊन रिक्षात बसल्या. दुकानात गादीवर बसून त्यांनी एकेक पिस्टन पदरानं पुसून काउंटरवर ठेवला. चांदीवाला गोंधळला. "अम्मा, ये चांदी नहीं है."

"मालूम है. वजन बोलो."

त्यानं आठही तोलले. मी लिहून घेतलं. सगळ्यात हलक्या आणि सगळ्यात जड पिस्टनमध्ये चार ग्रॅमचा फरक होता. मामंजी बरोबर कानस घेऊन आले होते. दुकानाच्या पायरीवर बसून त्यांनी जड पिस्टनच्या आतल्या बाजूचा धातू थोडा थोडा काढला आणि सासूबाई आत-बाहेर करत प्रत्येक वेळी वजन करून आणत राहिल्या. दुपारपर्यंत आठही एका आकड्यावर आले. चांदीवाल्यानं आम्हाला उसाचा रस पाजला. घरी येताना रिक्षात सासूबाई म्हणाल्या, "तिसरा फार हट्टी होता." पिस्टनबद्दल त्या असं बोलतील असं मला वाटलं नव्हतं.

सिलिंडरला आतून घोटून नव्या मापाचं करायचं काम मुशीराबादच्या एका उस्तादांकडे होतं. मामंजींची त्यांची जुनी ओळख. उस्ताद मला अम्मा म्हणायचे, वयानं माझ्या दुप्पट असूनही. "पानी में कैकू जा रैं फोरमनसाब, इस उमर में?" असं दर वेळी विचारायचे आणि काम मात्र केसाएवढंही चुकू द्यायचे नाहीत.

इंजिन जोडून झालं तो रविवार मला अजून आठवतो. अंगणात लोखंडी स्टँडवर ते उभं केलं होतं, थंड पाण्यासाठी ड्रममधून पाइप जोडला होता. उस्ताद आले होते. मामंजींनी स्टार्टर दिला. दोनदा खोकलं आणि तिसऱ्यांदा पेटलं. तो आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. छातीत वाजत होता. गल्लीतली कुत्री पळाली. मामंजींनी थोडा वेळ हळू चालवलं, मग हळूहळू रेस वाढवली. दहाएक मिनिटं झाली असतील. आवाज एकदम जड झाला, जसं कुणी आतून धरून ओढतंय. मामंजींनी झडप घालून बंद केलं. पुन्हा फिरवायला गेले तर ते फिरेना.

उघडलं तेव्हा दोन सिलिंडरमध्ये उभे ओरखडे होते. रिंगा आत अडकल्या होत्या.

रिंग म्हणजे पिस्टनभोवतीचं लोखंडी कडं. ते एका जागी तुटलेलं असतं आणि त्या दोन टोकांत थोडी फट ठेवायची असते, कारण तापलं की लोखंड वाढतं. फट कमी पडली तर टोकं एकमेकांना भिडतात, कडं फुगतं आणि सिलिंडरला घासतं. फट किती ठेवायची ते मी वाचून सांगितलं होतं. मी पुस्तक उघडलं. तक्ता होता, आकडा बरोबर होता. आकड्याच्या डोक्यावर एक बारीक चांदणी होती. पान उलटलं. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की हा आकडा रस्त्यावरच्या गाडीसाठी आहे. बोटीच्या इंजिनाला उसंत नसते, ते सतत घाट चढल्यासारखं चालतं, म्हणून त्याला फट दीडपट ठेवावी.

मी पान न उलटता पुढच्या विषयाकडे गेले होते. त्या दिवशी मला कॉलेजचे पेपर तपासायचे होते, घाई होती.

मी पुस्तक घेऊन अंगणात गेले. मामंजी रिंगा रांगेत मांडून बसले होते. उस्ताद बाजूला उभे होते.

"मामंजी, माझी चूक झाली. खाली टीप होती, मी वाचली नाही. फट दीडपट ठेवायची होती."

त्यांनी पुस्तक हातात घेतलं, चांदणीवर बोट ठेवलं, पान उलटून टिपेवर बोट ठेवलं. दोन्ही जागा बघितल्या. मी रडेन की काय असं मला वाटत होतं.

"मला बसवतानाच कमी वाटली व्हती," ते म्हणाले.

"काय?"

"फट. हाताला कमी वाटली. बसमध्ये आम्ही जास्त ठेवायचो. पण तू वाचलंस, पुस्तकात हाय म्हणलीस. म्हणून मी बोललो न्हाई." त्यांनी पुस्तक मला परत दिलं. "ह्यापुढं असं वाटलं की मी बोलणार. तू पण पान उलटायचं."

"हो."

"हां. चल, आता रिंगांची टोकं घासायची. दुसरा संच काढ."

उस्तादांनी दोन सिलिंडर हातानं घोटून ओरखडे काढले. त्या कामाला मी त्यांच्या वर्कशॉपमध्ये गेले तेव्हा त्यांनी आत मोजायचं मापक माझ्या हातात दिलं. "अम्मा, इसमें क्या दिख रा, बोलो. मेरी ऐनक घर पे रह गई." चष्मा त्यांच्या खिशात होता, मला दिसत होता. मी मोजून सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि तोच आकडा खडूनं ब्लॉकवर लिहिला. त्या दिवशी मी घरी येताना रिक्षा न करता चालत आले, इतकं मला बरं वाटत होतं.

पुढच्या खेपेला इंजिन अंगणात तासभर चाललं आणि त्याला काही झालं नाही.

बोट पाण्यात घातली ती हिवाळ्यात, शामीरपेटच्या तलावात. भिंत दुसऱ्यांदा पाडावी लागली. तोच ट्रॅक्टर, तीच ट्रॉली. मामंजी, सासूबाई, उस्ताद आणि मी. मामंजींनी आणि मी ट्रकच्या ट्यूब फुगवून कमरेला बांधल्या होत्या, सासूबाईंचा तसा हुकूम होता; त्या आणि उस्ताद बांधावर बसले. मामंजींनी रेस दिली आणि बोटीचं नाक वर उचललं. मग ते खाली बसलं आणि आम्ही पाण्यावर सपाट पळायला लागलो. पाणी मागे दोन पुरुष उंच उडत होतं. मामंजी काहीतरी ओरडत होते, मला एक अक्षर ऐकू येत नव्हतं. वाऱ्यानं त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी ते वाऱ्यानंच असं धरून चालले.

तलावाच्या मधे गेल्यावर त्यांनी बोट हळू केली. "ये, तू चालव."

मी बसले. रेस दिली. बोट सरळ पळाली, मला छान वाटलं. मग समोर बांध दिसला, दगडांचा, आणि तो फार वेगानं जवळ यायला लागला. मी घाबरून रेस सोडली आणि चाक फिरवलं. बोट वळलीच नाही. ती सरळ बांधाकडे सरकत राहिली.

"रेस दे!" मामंजी ओरडले. "सोडू नको, रेस दे!"

बोट वळते ती मागून फेकलेल्या पाण्याच्या जोरावर. पाणी फेकणं थांबलं की चाक नुसतंच फिरतं. मी हे त्यांना वाचून दाखवलं होतं, त्यांनी वहीत उतरवूनही घेतलं होतं. पण त्या क्षणी दगडाकडे जाताना वेग वाढवायचा हे माझ्या हाताला पटेना. मामंजींनी माझ्या हातावर हात ठेवून रेस दाबली. बोट उजवीकडे जोरात फिरली, आम्ही दोघं एका बाजूला कलंडलो आणि बांधावर बसलेले उस्ताद आणि सासूबाई नखशिखान्त भिजले.

काठावर आलो तेव्हा मला वाटलं आता सासूबाई बोलणार. त्यांनी पदर पिळला. मग माझ्या कमरेची ट्यूब सोडवली आणि स्वतःच्या कमरेला बांधायला लागल्या.

"काय करायलीस?" मामंजींनी विचारलं.

"मी काय पापड वाळवायला आलेय का इथं? सरका."

त्या गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांचा अंबाडा सुटला होता आणि त्या हसत होत्या. त्यांना असं हसताना मी आधी बघितलं नव्हतं. दुपारी जलपर्णी आत ओढली जाऊन पाणी खेचणारा पंप तुंबला, मग मामंजी आणि उस्ताद छातीपर्यंत पाण्यात उभे राहून हातानं ती उपसत राहिले. दोघांनाही पोहता येत नव्हतं, दोघंही एकमेकांना सांगत होते की तुम्ही बाहेर व्हा.

नवरा सहा महिन्यांनी परत आला. आल्याच्या तिसऱ्या दिवशी त्याला बोटीत बसवलं. त्याला ती लागली, तो पूर्ण वेळ काठाला धरून बसला होता, आणि उतरल्यावर आईला म्हणाला की तुम्ही सगळे वेडे झाला आहात. आम्ही बोट आणखी तीन हिवाळे चालवली. मग तलावात पाणी कमी झालं आणि कंपाउंडची भिंत एकदाची पक्की बांधून घेतली, बोट आत ठेवूनच.

पण तोवर लोकांना कळलं होतं. कुणाच्या वडिलांची जुनी मोटार, कुणाच्या शेतावरचं बंद पडलेलं इंजिन, असं काहीतरी अंगणात येत राहायचं. एकदा विद्यापीठाजवळ राहणारे एक डॉक्टर आपल्या जुन्या गाडीचं हेड घेऊन आले. मामंजींनी ते उलटसुलट बघितलं, बोटांनी चाचपलं.

"करू," ते म्हणाले. "पण मोजायचं आणि वाचायचं काम हिचं. तिला वेळ हाय का ते तिला विचारा."

डॉक्टर माझ्याकडे वळले. माझ्याकडे परीक्षेचे दोन गठ्ठे पडून होते. मी म्हटलं, "शनिवारी आणा. आणि पुस्तक असेल तर तेही."